दोष रबरांचा

शनिवार, ३ फेब्रुवारी. सकाळी ७.१०

नाही, तू गप्प बस. आधी माझं पूर्ण ऐकून घे. या घरात कोणी माझं वाक्य पुरं होऊ देत नाही. ताई मध्ये बोलते, बायको मध्ये बोलते, परवा तर औषधाच्या दुकानातला माणूस मध्ये बोलला. तू वही आहेस, तुला तोंड नाही, म्हणूनच तुला विकत आणली. तेव्हा ऐक.

दोष रबरांचा आहे.

आपली गाडी सदतीस वर्षांची. खाली लोखंडी चासी, तिच्यावर बॉडी, आणि दोघींच्या मध्ये दहा ठिकाणी जाड रबराचे बुश. ते असतात म्हणून बॉडी चासीवर आपटत नाही. आपल्या गाडीत ते नावालाच उरलेत. बोट घातलं की चुरा हातात येतो. ११ डिसेंबरला बाबांना हॉस्पिटलमधून घरी आणताना, मणक्याच्या ऑपरेशनच्या नवव्या दिवशी, पाण्याच्या टाकीजवळच्या स्पीडब्रेकरवर जो दणका बसला, तो या मेलेल्या रबरांमुळे. बाबा ओरडले. पाठीत बसवलेला स्क्रू हलला. दुसरं ऑपरेशन करावं लागलं. आता ते वॉकर धरून खोलीतून संडासापर्यंत जातात आणि घामाघूम होऊन परत येतात. सगळं खरं आहे, मी कुठे नाही म्हणतोय? पण स्पीड वीस होता. विसाने तर सायकल जाते.

ताई २५ तारखेला येतेय. बाबांना घेऊन जायला. चार दिवसांसाठी नाही, कायमचं. फोनवर म्हणाली, राहू दे रे, तुझ्याच्याने नाही व्हायचं. हे ‘राहू दे’ ती मी चौथीत असल्यापासून म्हणते. हातातली बादली काढून घ्यायची आणि म्हणायचं, राहू दे.

संकल्प: २५ तारखेच्या आत दहाच्या दहा रबर बदलणार. घरी. स्वतः. मग ताईला गाडीत बसवून त्याच स्पीडब्रेकरवरून नेणार. तिला कळणारही नाही स्पीडब्रेकर कधी गेला. मग विचारणार, आता बोल. बाबांना आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला मी नेणार, मीच आणणार. विषय संपला.

काम अवघड नाही. मी तीन व्हिडिओ बघितले, एक दीड पटीच्या स्पीडने. शिवाय मी अकरा वर्षं खोक्यांच्या कारखान्यात नियोजन विभागात आहे. कोणत्या दिवशी कोणती खोकी बाहेर पडणार हे मी ठरवतो. पडत नाहीत ती गोष्ट वेगळी. ठरवणं माझं काम.

एक्सेल शीट तयार आहे. दहाला सुरुवात, दहा बोल्ट, प्रत्येकी वीस मिनिटं, मध्ये दोन चहा. दुपारी पावणेदोनला जेवायला वर.

दुपारी २.३०

एक बोल्ट सुटला. निम्मा.

रविवार, ४ फेब्रुवारी. दुपारी

बोल्ट गंजलेत. हे व्हिडिओत नव्हतं. व्हिडिओतल्या माणसाची गाडी मुळात स्वच्छ होती, त्याने ती दुरुस्त का करायला घेतली देव जाणे.

कोपऱ्यावरचा मेकॅनिक येऊन गेला. दिवसाला दहा शब्द बोलतो म्हणून सगळे त्याला सायलेन्सर म्हणतात. मी बोलावलं नव्हतं, बायकोने बोलावलं असावं. उकिडवा बसला, खाली वाकून बघितलं, आणि एकदम आठवडाभराचे शब्द खर्च केले. म्हणाला, साहेब, स्पीडब्रेकरचा दणका हे रबर खात नसतात. तो कमानपाटे खातात आणि शॉकअप खातात, आणि तुमचे दोन्ही ठीक आहेत, मागच्या वर्षी मीच टाकलेत. बॉडीचे रबर थरथर खातात, आवाज खातात. बदला, चांगलंच आहे, पण तुम्ही म्हणताय त्यासाठी नका बदलू.

मी म्हटलं, बघू. त्याचं गिऱ्हाईक हातातून चाललंय, तो असं बोलणारच.

जाताना म्हणाला, एका बाजूचे सगळे काढा, दुसऱ्या बाजूचे नुसते ढिले करा, मग उचला. आणि रबरांखाली पत्र्याच्या पट्ट्या निघतील, पॅकिंगच्या. जिथली तिथेच ठेवा. काय वाट्टेल ते होऊ दे, त्या मिसळू नका.

बरं बरं म्हटलं. मला कोणी फायलिंग शिकवू नये.

सोमवार, ५ फेब्रुवारी. सकाळी

पाठ धरली. मोजे घालता येईनात. बाबांनी त्यांच्या जुन्या कमरेच्या पट्ट्यांपैकी एक बायकोबरोबर पाठवून दिला. घातला. मलाही दोन आकडे ढिला होतो. म्हणजे ते बारीक झालेत असं नाही, पट्टा जुना आहे.

ऑफिसात सगळ्यांनी विचारलं काय झालं. गाडीचं बॉडीवर्क करतोय म्हटलं. वजन पडलं.

बुधवार, ७ फेब्रुवारी. संध्याकाळी ६.३०

दहापैकी आठ बोल्ट सुटले. दोन नुसतेच फिरतात. वरचा नट बॉडीच्या आत, पत्र्याच्या पिंजऱ्यात असतो. पिंजरा गंजला की नट बोल्टबरोबर गरगर फिरतो, कितीही फिरवा, दोघे संगतीने फिरतात. बायको म्हणाली, तुझ्या आणि तुझ्या साहेबांसारखं.

उपाय सापडला. गाडीच्या फ्लोअरला वरून भोक पाडायचं, आत पाना घालायचा, नट धरायचा. दोन भोकं पाडली. एक बरोबर जागी.

बाबा पहिल्या मजल्याच्या खिडकीत बसतात. खाली अंगणात गाडी, तिच्याखाली मी. ग्राइंडरचा आवाज थांबला तेव्हा वरून विचारलं, काय कापलंस? मी म्हटलं, काही नाही बाबा. ते म्हणाले, बरं. ही गाडी त्यांनी टेलिफोन खात्याच्या लिलावात घेतली होती. लाइन इन्स्पेक्टर होते तेव्हा तिनेच डोंगर चढायचे. गाडी बंद पडली तर पोस्टाच्या माणसालाही विचारायचे, तुम्हाला काही वेगळा आवाज आला का? माझ्याबद्दल इतकी चौकशी त्यांनी कधी केली नाही. तक्रार नाही. नोंद.

त्या दिवशी काट्यावर पंचवीस असू शकेल. काटा थोडा जास्त दाखवतो.

शनिवार, १० फेब्रुवारी. सकाळी ११

आज डावी बाजू उचलली. जॅकवर लाकडी ठोकळा, ठोकळ्यावर बॉडी. इंच इंच वर. चासी आणि बॉडी वेगळी होताना बघणं म्हणजे काय सांगू, ऑपरेशन थिएटरमध्ये उभं असल्यासारखं वाटलं. (ही उपमा बाबांसमोर वापरायची नाही.)

डिझेल भरायचा रबरी पाइप सोडायला हवा होता. तो स्वतःच सुटला. पाच लिटर डिझेल अंगणात. खालच्या मजल्यावरच्या बाई नाकाला पदर लावून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, आम्ही गॅस पेटवायचा की नाही तेवढं सांगा. मी म्हटलं, अर्धा तास थांबा. त्या म्हणाल्या, आठवडा झाला थांबतोय.

दुपारी १

मेलेल्या रबरांखाली खरंच पट्ट्या निघाल्या. पत्र्याच्या, हाताने कापलेल्या, मधोमध भोक. कुठे एक, कुठे तीन, एका ठिकाणी पाच. गंज आणि ग्रीस चिकटलेलं. मला घाण आवडत नाही. एका डब्यात रॉकेल ओतलं आणि सगळ्या पट्ट्या टाकल्या. दहाही ठिकाणच्या. उजव्या बाजूच्यासुद्धा, वेळ होता तर उजवी बाजूही उचलून घेतली. ब्रशने घासून अशा लख्ख केल्या की त्यात तोंड दिसावं.

बाबांनी वरून विचारलं, कुठली पट्टी कुठे ते लिहून ठेवलंस ना? मी हो म्हटलं. लिहिणारच होतो.

रविवार, ११ फेब्रुवारी. दुपारी ४

विजय! दहाच्या दहा नवे रबर बसले. काळेकुळकुळीत, गुबगुबीत. पट्ट्या परत घातल्या नाहीत. नव्या रबरांना पॅकिंग कशाला लागतंय? पॅकिंग म्हणजे जुन्या रबरांच्या कुबड्या. बोल्ट आवळले. जॅक काढला. गाडी दोन इंच उंच दिसते, ताठ, छाती काढून उभी.

बायकोला खाली बोलावलं. ये, बस म्हटलं. तिने दार उघडलं. बसली. दार ओढलं.

४.२०

एकही दार लागत नाही.

पुढचं डावं वर घासतं, उजवं खाली. मागची दोन्ही अर्ध्यात येऊन थांबतात. बॉनेट लागतं पण परत उघडत नाही. बायको म्हणाली, आधी लागायची ना सगळी? मी म्हटलं, आधी गाडी वाकडी होती, दारं त्या वाकडेपणाला सरावलेली. आता गाडी सरळ झाली, दारांनी जुळवून घ्यायला हवं. ती म्हणाली, दारांनी? मी म्हटलं, हो. ती म्हणाली, छान, आणि दार उघडं टाकून वर गेली.

मंगळवार, १३ फेब्रुवारी. सकाळी ६

आता कळलं. चासी सदतीस वर्षांत थोडी पिळवटलीय. बाबांनी दरवेळी, जिथे बॉडी बसली तिथे एक पट्टी सरकवून ती जागेवर आणली होती. दहा जागा, तेवीस पट्ट्या. कुठे किती हे फक्त त्या पट्ट्यांच्या जागेवरून कळत होतं. आणि पट्ट्या डब्यात. लख्ख.

बाबांना विचारणार नाही. विचारलं की ताईला कळणार. ताईला कळलं की ‘राहू दे’. शिवाय इतक्या वर्षांपूर्वीचं त्यांना काय आठवणार? औषधाची वेळ बायको सांगते तेव्हा कळते.

नियोजन: लाकडी पट्टी, पाण्याची लेव्हल, एक्सेल. तेवीस पट्ट्या दहा जागांत घालायच्या प्रकारांची संख्या काढली. आकडा सेलमध्ये मावेना. सेल रुंद केला.

बाबा सध्या कपाट आवरतायत. वॉकर धरून उभे राहतात, एका शर्टाची घडी घालतात, बसतात, मग दुसऱ्याची. फिजिओथेरपीवाल्याने सांगितलं असणार. चांगला व्यायाम आहे.

शनिवार, १७ फेब्रुवारी. सकाळी १०

चौथी रचना फसली. पाचवीत मागचं दार लागलं पण त्यात माझं नख होतं.

११.१५

ड्रायव्हरच्या सीटवर औषधाच्या पाकिटाचा कागद सापडला. मागच्या बाजूला बायकोचं अक्षर. गाडीचं चित्र काढलंय, वरून बघितल्यासारखं, म्हशीसारखं दिसतंय. दहा ठिकाणी आकडे. पुढे डावीकडे एक, उजवीकडे दोन. ड्रायव्हरच्या पाठीमागे पाच. शेजारी लिहिलंय: ‘कारण घाटात मागचं चाक खड्ड्यात गेलं होतं, तू पोटात होतास, आई सोबत होती, तिला काही झालं नाही.’ मागे डावीकडे तीन, ‘ताईच्या लग्नात भांडी भरली तेव्हा बसली’. असं दहाही जागांचं. कशामुळे आणि कधी.

बायकोला विचारलं. ती म्हणाली, मी फक्त लिहून घेतलं. चहा घेऊन गेले तर बाबा सांगायलाच लागले, न थांबता, डोळे मिटून. तो विचारायला येईल म्हणून चार दिवस वाट बघतोय, म्हणाले.

कागद माझ्या सहाव्या रचनेशी जवळजवळ जुळतो. मीही तिथेच पोचणार होतो. ही केवळ पडताळणी.

संध्याकाळी ५.४०

तीन दारं खट्ट करून लागली. तो आवाज! वर बघितलं. खिडकीत बाबा होते. त्यांनी आवाज ऐकला होता. मान हलवली. मी पण हलवली. खालच्या मजल्यावरच्या बाईंनीही ऐकला, त्यांनी दार लावून घेतलं.

चौथं लागत नाही. एक पट्टी कमी पडतेय, घासताना गटारात गेली असावी. दोरीने बांधलं. ताई उजवीकडून बसेल.

त्या दिवशी स्पीड फार तर तीस. तिसाला कोणी वेग म्हणत नाही.

रविवार, १८ फेब्रुवारी. सकाळी ९

आज चाचणी. मी बाबांना बसवणार नाही, मी बेफिकीर माणूस नाही. बाबांच्या जागी बायको. बायकोच्या मांडीवर स्टीलचं पातेलं, पाण्याने भरलेलं, काठाखाली दोन बोटं. पाणी म्हणजे बाबांचा मणका. पाणी सांडलं नाही तर सिद्ध झालं, दोष रबरांचा. बायको म्हणाली, पातेलं तरी जुनं घे. बरोबर आहे तिचं. पण येते म्हणाली. मोठ्या मनाची आहे.

दुपारी १२

पहिली फेरी. पाण्याची टाकी, स्पीडब्रेकर. फर्स्ट गिअर. गाडी चढली, उतरली. एक थेंब नाही! मी स्टीअरिंगवर हात आपटला. आवाजही नाही, खडखडही नाही, गाडी अशी गेली जशी गादीवरून. म्हटलं, बघितलंस? रबर!

बायको म्हणाली, मुंगीच्या वेगाने घेतलीस. त्या दिवशी घेतलीस तशी घे. वीस म्हणाला होतास ना, विसाने घे.

विसाने घेतली. पाणी हललं, सांडलं नाही. ती म्हणाली, एवढ्याने बाबा ओरडले? एवढ्याने स्क्रू हलला? मी म्हटलं, तेव्हा रबर जुने होते. ती म्हणाली, रबराचं मला सांगू नकोस, सायलेन्सरने मला जिन्यात थांबवून सगळं समजावलंय.

मी म्हटलं, पंचवीस असेल. पंचवीस. थोडं सांडलं. ती म्हणाली, एवढंच? मी म्हटलं, बरं, तीस. साडी भिजली. ती म्हणाली, आणि?

मला प्रयोग प्रामाणिक करायचा होता. खरंच. पाचव्यांदा वळवली आणि म्हटलं, आता विचार करायचाच नाही, त्या दिवशी जसा आलो तसंच यायचं, पाय आपोआप ठरवेल.

पायाने ठरवलं.

पातेलं डॅशबोर्डवर आपटून मागे गेलं. पाणी काचेवर, छतावर, तिच्या तोंडावर. दोरीचं दार उघडलं. गाडी पुढे जाऊन थांबली. आम्ही दोघांनी काट्याकडे बघितलं, काटा अजून खाली येत होता. मी बघितलं तेव्हा पन्नासच्या खाली आला होता.

तिने पदराने तोंड पुसलं. आरडाओरडा करेल वाटलं. तिने एवढंच विचारलं, फोन कोणाचा होता?

मी फोनबद्दल काही बोललोच नव्हतो. कोणालाच. तुलाही नाही. म्हटलं, कसला फोन? ती म्हणाली, आता येताना तू डावा हात असा धरला होतास. आणि तिने कोपर वाकवून दाखवला, कानापासून वीतभर लांब. म्हणाली, तुला स्वतःलाही कळलं नाही.

सोमवार, १९ फेब्रुवारी

आज लिहिण्यासारखं काही नाही. हवा ढगाळ.

बुधवार, २१ फेब्रुवारी. सकाळी ८

बायको बोलते पण फक्त वस्तूंबद्दल. मीठ. किल्ली. गोळ्या दिल्या का. ताईला फोन केला असेल असं वाटून मी दोन दिवस जेवताना तिच्या तोंडाकडे बघत होतो. काल म्हणाली, मी कोणाला काही सांगणार नाहीये, माझं काम नाही ते. मग ताट उचलून गेली. सांगितलं असतं तर बरं झालं असतं. निदान मला चिडता आलं असतं.

तर फोन. लिहून टाकतो, इथे कोण वाचतंय.

फोन ताईचा होता. ती विचारत होती, नीट आणतोयस ना त्यांना? मी म्हणत होतो, अगं अगदी अलगद, तू काळजी करू नकोस, बाबांच्या बाबतीत तू माझ्यावर सोड. ‘सोड’ म्हणताना आपटली.

ती लाइन लगेच कट झाली होती. जवळजवळ लगेच. बाबांचा आवाज तिला ऐकू गेला असेल असं मला वाटत नाही. गेला असता तर ती बोलली असती. तिच्यासारखी बाई गप्प बसेल? अडीच महिने? तिला माहीत नाही. बाबांनाही माहीत नाही, त्यांचे डोळे मिटलेले होते, बहुतेक. आणि हॉस्पिटलमध्ये सगळ्यांसमोर ‘गाडीचे रबर गेलेत, त्याचा काय दोष’ हे पहिल्यांदा मी बोललोच नव्हतो. ते बाबा बोलले होते. स्ट्रेचरवरून. मी फक्त पुढे तेच धरून चाललो. मोठ्यांचं ऐकायचं नाही का?

तात्पर्य: गाडी आता खरंच छान चालते. हे कोणी नाकारू शकत नाही.

शनिवार, २४ फेब्रुवारी. सकाळी १०

नवा संकल्प. उद्या ताई आली की पहिल्या दहा मिनिटांत सांगायचं की बाबा इथेच राहतील. मुद्दे काढले: (१) गाडी तयार, (२) माझी सुट्टी शिल्लक, (३) त्यांना इथली सवय. फोनचा मुद्दा काढायची गरज नाही. जुनं उकरून काय मिळतं.

११

बाबांनी वर बोलावलं. कपाट रिकामं आहे. खालच्या खणात नुसते कागद अंथरलेले. दोन बॅगा पलंगाखाली. मी म्हटलं, अहो बाबा, इतकं कशाला आवरलंत?

ते म्हणाले, तिच्याकडे तळमजला आहे रे. दाराबाहेर ओटा आहे. दवाखाना चार पावलांवर. उन्हात बसता येईल, येणाराजाणारा दिसेल. इथे मी डिसेंबरपासून खिडकीतून बघतोय, आणि गेले तीन आठवडे तर नुसते तुझे पाय बघतोय.

मी म्हटलं, पण गाडी आता तयार आहे, मी नेईन ना तुम्हाला. ते म्हणाले, हो, गाडी चांगली केलीस. मी म्हटलं, मग? ते म्हणाले, मग काय, चांगली केलीस.

मी म्हटलं, ताईने तुमच्या डोक्यात भरवलं. ते म्हणाले, मीच तिला फोन केला होता, जानेवारीत. ती नको म्हणत होती. म्हणाली, त्याला वाईट वाटेल.

ते थकल्यावर असं काहीबाही बोलतात. उद्या सकाळी फ्रेश असतील, तेव्हा पुन्हा विषय काढतो.

रविवार, २५ फेब्रुवारी. दुपारी १२.५०

गाडीत बसून लिहितोय. अंगणात. घाईत.

ताई दहाला आली. तिची गाडी थेट आत घेतली, जिन्याच्या पायरीपर्यंत, बाबांना कमी चालावं लागावं म्हणून. मी माझी हलवून तिच्यामागे, गेटच्या तोंडाशी लावली. मागची सीट काढून तिने गादी अंथरलीय, चारी बाजूंनी उशा. मला म्हणाली, कसा आहेस, वाळलास. मी मुद्दे काढायला खिशात हात घातला. ती म्हणाली, अरे ही गाडी किती सरळ उभी आहे आता! तूच केलंस सगळं? आणि कौतुकाने बॉनेटवर हात फिरवला. मला वाटलं टोमणा येईल. आला नाही. मुद्दे खिशातच राहिले.

वर सगळे जेवायला बसलो. बाबा खुर्चीत, ताई त्यांच्या शेजारी, बायको वाढत होती. बाबा सगळ्यांना सांगत होते, त्याने दहाच्या दहा बदलले, एकट्याने. आता तसलं काही व्हायचं नाही. रबरच गेलेले होते, त्याला बिचाऱ्याला काय माहीत. ताई म्हणाली, हो ना, रबरच होते. खाली ताटात बघून म्हणाली. बायकोने माझ्या ताटात भाजी वाढली, मी नको म्हटलं तरी. दोनदा.

आणि मग माझ्या तोंडून ते निघून गेलं. ठरवलेलं नव्हतं. सांगायचं असतं तर मी नीट सांगितलं असतं, क्रमाने. हातातला घास तसाच होता. मी म्हटलं, रबर नव्हते. सायलेन्सर बरोबर होता, रबरांचा काही संबंध नाही. मी पंचावन्नच्या वर होतो. एका हाताने चालवत होतो. फोनवर बोलत होतो, ताई, तुझ्याशीच. बाबा ओरडले त्याच्या आधी मी ‘माझ्यावर सोड’ म्हणालो होतो.

या घरात पहिल्यांदाच माझं वाक्य पुरं झालं. मला वाटलं होतं ताई किंचाळेल. तिने बाबांकडे बघितलं. बाबांनी तिच्याकडे. आश्चर्य वाटलेल्या माणसांसारखं नव्हतं ते बघणं. बहुतेक धक्क्याने असं होत असावं, चेहरे काही दाखवत नाहीत.

बाबांनी तोंड उघडलं, अरे म्हणाले, पुढचं म्हणायच्या आत मी उठलो. म्हटलं, ताई, तुझी गाडी माझ्या गाडीमागे अडकलीय, मी माझी बाहेर काढतो, म्हणजे तुम्हाला निघता येईल. हात न धुता खाली आलो. वहीला डाळ लागलीय.

गाडी एका किल्लीत सुरू झाली. थरथर नाही, आवाज नाही. इतकी शांत की वरचं ऐकू येतंय. खुर्ची सरकली. वॉकर टेकला. बाबा कोणालातरी म्हणतायत, थांब, मला जाऊ दे, मी बोलतो त्याच्याशी. ते जिन्याकडे यायला पाच मिनिटं लागतील. ताई मात्र उतरतेय. अर्ध्या जिन्यात आहे. हात वर करून काहीतरी म्हणतेय, रागावलेली दिसत नाही, ते तर आणखी नको.

काच वर केली. गेट उघडंच आहे. मी निघतो.